एकच अक्षर बदललेलं, मग दोघा भावांचा सिकलसेल इतका वेगळा का?

झाडीपट्टी

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. दोन भाऊ आणि मधली मी. दोघेही भाऊ सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही बदललेलं जनुक आलेलं. मी एएस, म्हणजे एकच प्रत बदललेली, वाहक. आई-बाबा दोघेही एएस. हे सगळं आम्हाला कळलं ते छोटूमुळे.

छोटू आता १९ वर्षांचा आहे. आठ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांची बोटं सुजली होती, आजीने हळदीचा लेप लावला होता. पाचवीत पहिल्यांदा रक्त चढवलं. बारावीच्या वर्षात चार वेळा भरती केलं. दुखणं सुरू झालं की मांडीच्या हाडात कोणी सब्बल घालतंय असं म्हणतो. एकदा रात्री अडीच वाजता दवाखान्यात नेलं, तर ड्युटीवरच्यांनी "नाटकं करतो पोरगा" म्हणून एक गोळी देऊन बाहेरच्या बाकावर बसवलं. सकाळी त्याला श्वास घेता येईना तेव्हा धावपळ झाली. त्या रात्रीबद्दल मला अजूनही शांतपणे बोलता येत नाही.

दादा ३० चा. धानाची शेती करतो, रोवणीत दिवसभर चिखलात उभा असतो. त्याला आजवर एकदाही रक्त लागलेलं नाही. डोळे लहानपणापासून जरा पिवळे, म्हणून कावीळ उतरवायला नेत असत, एवढंच. छोटूचं निदान झाल्यावर गावात शिबिर लागलं, सगळ्या घराची तपासणी झाली आणि दादाही एसएस निघाला. आम्हाला वाटलं नळ्या बदलल्या. पुन्हा रक्त दिलं, पुन्हा तेच.

शाळेत शिकलो होतो की जनुकातल्या एका अक्षराचा बदल आहे. दोघांनाही दोन्हीकडून तेच अक्षर मिळालं, एकाच आईबापाकडून. मग एक जण पोतं उचलतो आणि एक जण दर दोन महिन्यांनी सलाईनवर, असं काऊन? छोटू स्वतःच विचारतो, "माझ्यातच का जास्त?" मला त्याला खरं उत्तर द्यायचं आहे.

रानजाई

ताई, उत्तर माहीत नाही, पण लिहिलंत ते बरं केलंत. धागा वाचते आहे.

लॅबवाला_गोंदिया

मी जिल्हा पातळीवरच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आधी दोघांचे एचपीएलसीचे, म्हणजे रक्तात कुठलं हिमोग्लोबिन किती टक्के ते मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे द्या. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी, ती फक्त एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, आहे की नाही एवढंच सांगते. एएस आणि एसएस वेगळे करायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं.

आणि छोटूचा नमुना रक्त चढवल्यानंतर तीन-चार महिन्यांच्या आत घेतला होता का ते पाहा. चढवलेल्या रक्तातलं ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, मिसळलं की आकडे फसवतात. एसएसचं मूल एएस म्हणून घरी परत गेलेलं मी पाहिलं आहे.

झाडीपट्टी

छोटूचा नमुना रक्त चढवल्यानंतर सहा महिन्यांनी घेतलेला. फाइल समोर ठेवून लिहिते.
दादा: एस ७०, एफ २४, ए-टू २.९. हिमोग्लोबिन ९.८. एमसीव्ही ६७.
छोटू: एस ८१, एफ १३, ए-टू २.५. हिमोग्लोबिन ७.४. एमसीव्ही ८६.
एस, एफ, ए-टू हे हिमोग्लोबिनच्या प्रकारांचे टक्के. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) वगैरे सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावरून घेतलं.

प्राजक्ता_मो

मी रेण्वीय जीवशास्त्र शिकवते. हे आकडे पाहून राहवलं नाही. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

आधी ते अक्षर. ११ व्या गुणसूत्रावर एचबीबी नावाचं जनुक आहे, हिमोग्लोबिनची बीटा साखळी त्यावरून बनते. त्यात एका जागी जीएजी ही तीन अक्षरं असायला हवीत तिथे जीटीजी आहे. ए च्या जागी टी. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या घटकाऐवजी व्हॅलिन हा दुसरा घटक बसतो. ऑक्सिजन सुटला की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत अडकतं, एकाला एक जोडून लांब दोऱ्या तयार होतात आणि त्या दोऱ्या तांबड्या पेशीला आतून ताणून विळ्यासारखं करतात. अशी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि लवकर फुटते. अडकली की दुखणं, फुटली की पिवळे डोळे. दादाची "कावीळ" ही होती, यकृताची नाही.

आता फरकाचं. दोऱ्या किती लवकर बनतील हे दोन गोष्टींवर फार अवलंबून असतं: पेशीत एस किती दाटीने भरलं आहे आणि त्यात अडथळा आणणारं काही आहे का. हा अडथळा म्हणजे एफ, गर्भातलं हिमोग्लोबिन. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ती या दोऱ्यांत गुंफली जात नाही. जन्मानंतर गॅमाचं जनुक हळूहळू बंद होतं, म्हणून बाळाला पहिले पाच-सहा महिने काही होत नाही आणि नंतर बोटं सुजतात. छोटूचं अगदी तसंच झालं. काहींच्यात ते जनुक पुरतं बंद होत नाही. दादाचं एफ २४ आहे, छोटूचं १३.

म्हणजे दोघांचं एस अक्षर एकच, पण त्या अक्षराच्या आजूबाजूचा आणि दुसऱ्या गुणसूत्रांवरचा मजकूर वेगळा आहे. आजार त्या सगळ्या मजकुरातून घडतो.

निसर्गवाचक

प्राजक्ताताई, आपल्याकडच्या सिकलसेलचा अरब-भारतीय हॅप्लोटाइप असतो आणि त्यात एफ जास्त असतं असं वाचलं होतं. मग दादाला तो मिळाला आणि छोटूला आफ्रिकी प्रकारचा, असं असेल का?

प्राजक्ता_मो

नाही, आणि ही गल्लत फार होते म्हणून सविस्तर लिहिते.

एस असलेल्या जनुकाच्या शेजारचे बदल त्याच्यासोबत गठ्ठ्याने वारशात येतात, तो गठ्ठा म्हणजे हॅप्लोटाइप. आफ्रिकेत बेनिन, सेनेगल, बांटू, कॅमेरून असे गठ्ठे आहेत. भारतात आणि अरबस्तानाच्या पूर्व भागात वेगळा गठ्ठा आहे. त्यात गॅमा जनुकाच्या अगदी तोंडाशी एक बदल आहे, प्रयोगशाळेत त्याला एक्सएमएन-वन म्हणतात, आणि त्याने एफ वाढतं. पण हा बदल एसच्या शेजारीच आहे. दोन्ही भावांना दोन्ही एस मिळाले म्हणजे दोन्ही गठ्ठेही जवळजवळ तेच मिळाले. तेव्हा विदर्भातल्या रुग्णात आणि नायजेरियातल्या रुग्णात जो फरक असतो तो या गठ्ठ्याने बराचसा समजतो. सख्ख्या भावांमधला फरक त्याने समजत नाही.

भावांमधला फरक लांबच्या जनुकांत शोधायचा, कारण ती प्रत्येक भावंडाला वेगवेगळी वाटली जातात. २ ऱ्या गुणसूत्रावर बीसीएल-११-ए आहे, गॅमाचं जनुक बंद करणारा हाच. त्यात किंचित बदल असला की तो ढिला पडतो आणि एफ जास्त राहतं. ६ व्या गुणसूत्रावर आणखी एक जागा आहे. आणि १६ व्यावर हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या साखळीची, अल्फाची, जनुकं.

झाडीपट्टीताई, दादाचा एमसीव्ही ६७ आहे, म्हणजे पेशी लहान आहेत. तसं लोह कमी असल्यानेही होतं आणि अल्फाची जनुकं कमी असल्यानेही, म्हणून लोह ठीक निघालं तर अल्फाची जनुकचाचणी करून घ्या. त्याची लोहाची तपासणी, म्हणजे फेरिटिन, झाली आहे का?

झाडीपट्टी

नाही. उलट दोघांनाही वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या. "रक्त कमी आहे" म्हणून प्रत्येकाने त्याच लिहून दिल्या.

डॉ_निवृत्त

मी चाळीस वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्यातली बरीच पूर्व विदर्भात. ताई, लोहाच्या गोळ्या आधी थांबवा आणि फेरिटिन करून घ्या. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते पेशी फुटल्यामुळे. त्यातलं लोह शरीरातच राहतं, वर चढवलेल्या रक्ताचंही साठतं. कमतरता सिद्ध झाली तरच लोह द्यायचं. द्यायचं असतं ते फॉलिक ॲसिड.

छोटूला हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे की नाही? तुम्ही त्याचा उल्लेखच केला नाही, याची मला काळजी वाटते.

झाडीपट्टी

सर, एकदा लिहून दिलं होतं. औषधाच्या दुकानात म्हणाले, कॅन्सरचं औषध आहे. आईने घाबरून बंद केलं.

डॉ_निवृत्त

आईंची भीती मी समजतो, मला हे शेकडो घरांत समजवावं लागलं आहे. औषध मुळात रक्ताच्या कॅन्सरसाठी वापरलं जायचं हे खरं. पण ते शरीरात एफ वाढवतं, म्हणजे दादाला जन्मतः जे मिळालं त्यातलं थोडं छोटूला गोळीतून मिळतं. अमेरिकेत सिकलसेलसाठी त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. दुखण्याचे झटके, छातीचा त्रास, रक्त चढवण्याची पाळी, तिन्ही कमी होतात. ठरावीक काळाने सीबीसी करावी लागते, कारण पांढऱ्या पेशी उतरू शकतात. मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं. सरकारी रुग्णालयांतून ते मिळतं, विचारा.

बाकी गोष्टी साध्या आहेत, पण जीव वाचवतात. न्यूमोकोकसची लस. ताप १०१ च्या वर गेला तर घरी थांबायचं नाही. एसएस मुलांची पाणथरी (प्लीहा) लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून साधा वाटणारा संसर्ग काही तासांत जीवघेणा होतो. लहान मुलांच्या आयांना मी पोटावर डाव्या बरगडीखाली हात ठेवून पाणथरी चाचपायला शिकवायचो. ती एकाएकी मोठी लागली आणि मूल पांढरं पडलं तर त्या क्षणी दवाखाना.

सातपुडा_शिक्षक

मी अक्राणी भागात आश्रमशाळेत शिकवतो. आमच्याकडे भिल्ल, पावरा मुलांत हा आजार आहे. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं त्यात शाळेतलं सांगतो. थंडीत पहाटे गार पाण्याने आंघोळ केली की दोन-तीन मुलं हमखास दुखण्याने आडवी व्हायची. आम्ही या मुलांना कोमट पाणी द्यायला लागलो, वर्गात पाण्याची बाटली बाकावर ठेवायला आणि तासाच्या मध्ये लघवीला जायला परवानगी दिली. पळण्याच्या शर्यतीला जबरदस्ती बंद केली. दुखणं संपलं नाही, पण पूर्वीइतक्या वेळा कोणाला तालुक्याला न्यावं लागत नाही.

मुलाच्या जनुकात काय लिहिलं आहे ते माझ्या हातात नाही. त्याच्या बाटलीत पाणी आहे का, हे आहे.

लॅबवाला_गोंदिया

सर, बाटलीचं मनापासून पटलं.

चिंतामणी७१

सगळं वाचलं. स्पष्ट बोलतो, वाहकांनी लग्नच करू नये. आजार एका पिढीत संपेल.

झाडीपट्टी

चिंतामणीजी, मी वाहक आहे. हा धागा माझा आहे, म्हणून इथेच उत्तर देते. दोन एएस एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के. माझा नवरा एए, म्हणजे दोन्ही प्रती न बदललेला, असेल तर माझं एकही मूल एसएस होणार नाही, काही एएस होतील, माझ्यासारखी, धडधाकट, काम करणारी. मग मी लग्न का करू नये?

माझ्या मावशीचं म्हणणं याच्या उलट टोकाचं आहे: रिपोर्टचं कोणाला सांगूच नको, स्थळं परत जातात. मुलीचा एएस कळला की नाही म्हणतात आणि स्वतःच्या मुलाची तपासणीच केलेली नसते. मला दोन्ही पटत नाही.

लॅबवाला_गोंदिया

ताईंशी सहमत. एक भर घालतो, कारण इथे नेमकी चूक होते. समोरच्याची फक्त सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. तो बीटा थॅलेसेमियाचा (बीटा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक असू शकतो आणि त्या चाचणीत ते दिसत नाही. एएस आणि थॅलेसेमिया वाहक यांच्या मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो, तो एसएसइतका तीव्र असू शकतो. म्हणून होणाऱ्या नवऱ्याचीही एचपीएलसीच मागा. त्यात ए-टू ३.५ च्या वर असेल तर पुढचा सल्ला घ्या.

दोघेही वाहक असून लग्न झालेलं असेल तर गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन गर्भाचं निदान करता येतं. मुंबईची आयसीएमआरची रक्तविकार संस्था हे काम फार वर्षांपासून करते.

वाळूतला_मराठी

मी सौदीत दम्मामला नोकरी करतो. वर अरब-भारतीय गठ्ठ्याचं वाचून चमकलो. इथे शेजारीच अल-कतीफ आणि अल-अहसा हे खजुराच्या बागांचे भाग आहेत, पूर्वी तिथे मलेरिया भरपूर असायचा आणि सिकलसेलही तिथेच जास्त. माझे स्थानिक सहकारी सांगतात की २००४ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची आहे. अहवाल जुळला नाही तरी लग्नाला बंदी नाही, पण दोघांना समोर बसवून समजावून सांगतात. नंतर निर्णय त्यांचा.

निसर्गवाचक

मलेरियाचं निघालंच आहे तर लिहितो. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की एएस मुलांना फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. एक प्रत असलेला जगतो म्हणून ते अक्षर टिकतं आणि दोन प्रती असलेल्याला त्याची किंमत मोजावी लागते. ज्या जंगलपट्ट्यांत मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तिथेच हे अक्षर जास्त सापडतं. गडचिरोलीत फाल्सिपेरम आजही आहे.

म्हणून "हा अमुक जातीचा आजार" हे बोलणं मला फार लागतं. पूर्व विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती, ओबीसी, सगळ्यांत हे अक्षर आहे. डास जात विचारत नव्हता.

डॉ_निवृत्त

एक दुरुस्ती, कृपया ठळक समजा. संरक्षण एएसला आहे, एसएसला नाही. एसएसच्या मुलाला मलेरिया झाला तर रक्त झपाट्याने उतरतं आणि जीव जाऊ शकतो. मच्छरदाणी सगळ्यात आधी त्याच्या खाटेवर.

रानजाई

एक विचारू? टीव्हीवर जनुक कापून सिकलसेल बरा केल्याचं दाखवलं होतं. ते छोटूला मिळू शकतं का?

प्राजक्ता_मो

तीच बीसीएल-११-ए ची गोष्ट आहे. काही लोकांत ते जनुक निसर्गतःच ढिलं असतं आणि त्यांचा आजार सौम्य असतो, हे २००८ च्या सुमारास हजारो लोकांचे जीनोम ताडून पाहताना उमगलं. मग रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी बाहेर काढून, क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने त्या जनुकाचा नेमका तेवढा खटका मोडून परत घालायची पद्धत आली. ब्रिटनने आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस तिला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्याआधी जोरदार केमोथेरपी घ्यावी लागते. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकसंशोधन संस्थेमध्ये स्वस्त देशी पद्धतीवर काम चालू आहे. आज छोटूसाठी मी त्याकडे डोळे लावून बसणार नाही. त्याची गोळी आज मिळते आहे.

रानजाईताई, एक गोष्ट मला नेहमी हलवून जाते. १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला तो ग्रेनाडाहून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्यात. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, पुढे १९५६-५७ मध्ये इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला. एखाद्या आजाराचं कारण रेणूपर्यंत जाऊन कळलेलं हे पहिलंच उदाहरण. इतक्या आधी कळलं आणि तरी छोटू बाकावर बसून राहिला.

झाडीपट्टी

सगळ्यांना एक महिन्यानंतर लिहिते आहे.

लोह थांबवलं. दादाचं फेरिटिन ठीक आलं, म्हणजे एमसीव्ही लोहामुळे कमी नव्हता. प्राजक्ताताईंनी सांगितल्याप्रमाणे अल्फाची जनुकचाचणी केली. दादाला ३.७ चं डिलीशन, म्हणजे अल्फाचं एक जनुक गळालेलं असणं, दोन्हीकडून मिळालं आहे, छोटूला एकाही बाजूने नाही. आई-बाबा दोघांतही ते एकेक असणार. हे ऐकून छोटू खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी काही चुकीचं खाल्लं नव्हतं." इतकी वर्षं त्याला आम्ही दही नको, आंबट नको, असं सांगत आलो होतो.

प्राजक्ता_मो

किती चांगलं म्हणाला तो.

आपल्यात अल्फाची चार जनुकं असतात, दादाची दोनच चालू आहेत. त्यामुळे त्याच्या प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन कमी दाटीने भरतं, एसच्या दोऱ्या उशिरा बनतात, पेशी कमी फुटतात. दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींमध्ये हे डिलीशन फार आढळतं, नागपूरकडे त्या मानाने कमी, आणि दोन्हीकडच्या आजाराच्या तीव्रतेतही फरक दिसला आहे. दोन भावांवरून मी सिद्धांत मांडणार नाही, पण दादाचं एफ आणि अल्फा दोन्ही त्याच्या बाजूने आहेत, एवढं म्हणता येईल.

डॉ_निवृत्त

याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. अल्फा कमी असलेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून रक्तही दाट राहतं. त्यांच्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचं प्रमाण कमी होत नाही, काही अभ्यासांत वाढलेलंच दिसलं आहे. "सौम्य" म्हणून दादाकडे आजवर कोणी पाहिलं नसेल. त्याला विचारा: जांघेत दुखतं का, मांडी घालून बसता येतं का?

झाडीपट्टी

सर, तुम्ही लिहिलं त्या रात्रीच मी त्याला फोन केला. आधी "काही नाही" म्हणाला. मग वहिनीने फोन घेतला आणि सांगितलं की वर्षभरापासून तो जेवायला पाटावर बसत नाही, खुर्ची घेतो, आणि बांधावरून उतरताना उजवा पाय आधी टाकत नाही. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण घरातला आजारी छोटू होता.

काल एमआरआय झाला. एक्स-रे चांगला आला होता, पण एमआरआयमध्ये उजव्या खुब्यात सुरुवातीचा बदल दिसतो आहे. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं. पोती उचलणं बंद, काही महिने काठी, आणि दोघांनाही हायड्रॉक्सीयुरिया. रोवणीला यंदा मजूर लावू.

बघायला आलेल्या मुलाला मी स्वतः एचपीएलसीचं सांगितलं. त्याने चार दिवसांत अहवाल पाठवला, एए, ए-टू २.७. बाकी अजून काही ठरलेलं नाही.

छोटूची पहिली सीबीसी सोमवारी आहे. आकडे इथेच टाकते.